शंखाचा प्रश्न

आमच्या प्रोफेसर भादुरींना त्या एका प्रश्नाचा केवढा अभिमान! फुफ्फुसांच्या जुनाट आजाराची इंग्रजी प्रश्नावली त्यांनी बंगालीत आणली आणि त्यातल्या मेणबत्त्या फुंकून विझवण्याच्या प्रश्नाऐवजी 'संध्याकाळी शंख फुंकताना धाप लागते का?' असं घातलं. स्वतः त्यांनी जन्मात शंख फुंकलेला नाही. बंगाली घरात ते बायकांचं काम.

आमच्या एक पेशंट निभाकाकीमा, त्यांनी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं, "फार लागते." औषध सुरू झाल्यावर महिन्याभरानं, प्रश्नावली कितपत खरी उतरते ते तपासायला, आम्ही पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी त्या म्हणाल्या, "नाही लागत."

"पाहिलंस?" प्रोफेसर माझ्याकडे वळले. "औषध लागू पडलं आणि आपल्या प्रश्नानं ते बरोब्बर पकडलं!"

काकीमांना उशीवरून मान उचलवत नव्हती. पण रोग्याकडे बघायची या गृहस्थाची सवय कधीच सुटली होती. शेवटी मीच विचारलं, "काकीमा, शंख तुम्हीच वाजवता ना?"

"आता सून वाजवते, पोरी. मी फुंकतच नाही, तर धाप कशानं लागेल?"

"ते लिहायला जागा नाही," असं म्हणत प्रोफेसरांनी 'नाही'वर खूण केली.

तेवढ्यात देवघरात शंख घुमला. "वा, काय दम आहे!" प्रोफेसर खूश झाले. इकडे काकीमांनी नकळत ओठ आवळून गाल फुगवले आणि तेवढ्यानंच त्यांना धाप लागली.

प्रोफेसर पेनाला टोपण लावत होते.