सुंदराची ओवाळणी

"आता गुरुजींना ओवाळायला त्यांच्या भगिनी सुंदराताई यांनी मंचावर यावं," माइकवरून पुकारा झाला.

सुंदरानं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. चंदरगुरुजींना बहीण नव्हतीच. सासू एका पोरावरच थांबली होती, हे सुंदराइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या घरात ती हळदीच्या अंगानं आली होती. बायको होती ती गुरुजींची, लग्नाची. शेजारी तिचा पांडू बसला होता, त्याची मान खाली गेली.

शेणव्याकडच्या शाळेत गुरुजींचा निरोप समारंभ होता. हेच गुरुजी शिकत होते तेव्हा सुंदरानं धसईच्या शेतात चिखलात वाकून भाताची आवणी केली, भारे वाहिले, त्यांच्या खोलीवर तांदूळ पोचता केला. मास्तरकी लागली, पहिली शाळा डोळखांबकडं मिळाली, आणि तिथून त्यांचा पाय घराकडं वळेना. शहापुरात त्यांनी शालन नावाची शिकलेली बायको केली. धसईला यायचे ते भात झोडून झाल्यावर, अंगणातूनच तांदूळ न्यायला. शिकलेला माणूस, लाज गिळायलासुद्धा शिकलेला.

पांडूही आता मास्तर झाला होता, त्याच तालुक्यात, बापाचं नाव लावून. लोक विचारायला लागले होते. म्हणून गुरुजी स्वतः धसईच्या बाजारात तिला भेटले. पोराला घेऊन ये, म्हणाले, चार लोकांसमोर काय ते सांगून टाकतो. पांडूनं सकाळी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. सुंदराला एवढंच ऐकायचं होतं की हा माझा मुलगा. स्वतःसाठी काही नको होतं. खोटं कशाला बोला, थोडं हवं होतं, पण ते तिनं मागं सारलं होतं.

माइकवरचा तरुण मास्तर पुढं सांगत होता. नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीला गुरुजींनी आधार दिला. तिच्या मुलाला स्वतःचं नाव दिलं, शिकवलं, पायावर उभं केलं. मंडपात टाळ्या पडल्या. बायका चुकचुकल्या.

टाकलेली होती हे खरं. टाकणारा गळ्यात हार घालून बसला होता.

घरी चल, असं पांडू पुटपुटला. तिनं त्याचा हात सोडवला आणि पदर खोचून ती मंचावर चढली.

शालननं तिच्या हाती तबक दिलं. "या वन्सं," ती म्हणाली, अगदी मनापासून. सुंदरानं तिच्या डोळ्यांत बघितलं. म्हणजे हिलाही इतकी वर्षं नणंदच सांगितली होती. या बाईसाठी सुंदरानं मनात जो राग जपला होता तो तिथल्या तिथं उठला आणि सगळाच्या सगळा हारवाल्याच्या अंगावर जाऊन बसला. शालनच्या बाजूला तिची कॉलेजातली लेक उभी होती, संध्या. पांडूचंच नाक, पांडूचंच कपाळ.

सुंदरानं भाऊबीजेला करतात तसं सगळं केलं. टिळा लावला, सुपारी फिरवली, दिव्यानं ओवाळलं. गुरुजींचा चेहरा हळूहळू सैल झाला. अडाणी बाई, लोकांत तोंड उघडायची नाही, हे त्यांनी बरोबर ताडलं होतं असं त्यांना वाटलं. त्यांनी तबकात लुगडं ठेवलं. सुंदरानं ते उचलून खुर्चीवर टाकलं.

"लुगडं नको रे दादा. मी मागंन ती ओवाळणी देशील?"

मंडप हसला. गुरुजींनी माइक जवळ ओढला. "माग ताई. तुला कधी नाही म्हटलंय का?"

"तुझी संध्या माझ्या पांडूला दे. मामाच्या पोरीवर पयला हक्क भाच्याचा."

मंडपात एकच गलका झाला. कुणाला त्यात वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. आमच्याकडं आत्यानं भाची मागावी आणि भावानं मान डोलवावी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वर मुलगा मास्तर. सरपंच उठून म्हणाले, मंडप उभा आहे, माणसं आहेत, साखर मागवा. शालन तर हरखलीच. माझी ना नाही, म्हणाली, आणि लेकीला आत्याच्या पाया पडायला पुढं ढकलू लागली. पोर लाजून आईच्या मागं सरकली. खाली पांडू उभा राहिला होता, तोंड पांढरंफटक. सुंदरानं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलवलं नसतं.

गुरुजी हसायला गेले. सावकाश बघू, म्हणाले. पोरीचं शिक्षण राहिलंय, म्हणाले. सरपंच म्हणाले, शिकेल की सासरी, नवरा मास्तर आहे. शिवाय ओवाळणीचा शब्द भाऊ फिरवतो होय? कुणीतरी पोरीच्या ओटीसाठी नारळ आणला. शालननं लेकीचा पदर पसरला.

"बोल की दादा," सुंदरा म्हणाली. "काय खोट हाय माझ्या पोरात?"

गुरुजींनी शालनकडं बघितलं, संध्याकडं बघितलं, पांडूकडं बघितलं. नारळ पदराशी आला होता. जन्मभर शाळेत बोललेली शुद्ध भाषा तोंडातून गळून गेली आणि धसईची वर आली. माइक समोरच आहे याचंही त्यांना भान राहिलं नाही.

"नाय होत गो सुंदरे," ते म्हणाले. "दोघांचा बाप मीच हाय."