गढीवरची कबुतरं

ब्लेझ जव पेरत पुढे जात होता आणि गढीवरची कबुतरं दाणे टिपत त्याच्या मागोमाग येत होती. त्याची बायको पेरिन फडकं हलवून ओरडत होती. कबुतरं चार पावलं उडत आणि पुन्हा बसत. दगड मारायची सोय नव्हती. गढीच्या मालकाचं कबुतर मारलं तर माणूस तुरुंगात जायचा. कबुतरांनी माणसं उपाशी मारली तर मात्र कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मागच्या वर्षी गारांनी उभं पीक झोपवलं. हिवाळाभर पोरांनी भुकेने रडून घर डोक्यावर घेतलं, तरी पेरिनने बियाण्याच्या पोत्याला हात लावू दिला नव्हता. ते पोतं आता रिकामं झालं होतं.

तेवढ्यात वरून ससाण्याने झडप घातली. त्याच्या नख्यांतून सुटलेलं एक कबुतर पेरिनच्या पायाशी पडलं. मेलेलंच होतं. तिने त्याचा फुगलेला गळा सुरीने चिरला. आत त्यांचेच दाणे होते, अख्खेच्या अख्खे. तिने ते बोटाने एकेक करून मातीत दाबले. वेड्यासारखं वाटत होतं, पण हात थांबत नव्हते.

"कुणी मारलं ते?"

बांधावर गढीचा राखणदार तुसें उभा होता. गावचाच पोरगा. ब्लेझने झटकन टोपी काढली.

"ससाण्यानं," पेरिन म्हणाली. "जा, पकड त्याला."

"आणि गळा? तोपण ससाण्यानंच चिरला?"

"मी चिरला. आमचे दाणे होते आत."

"कबुतर मालकाचं, मावशी. मेलं तरी मालकाचंच."

"पेरणीत कबुतरं कोंडून ठेवायची असतात, हे विसरलास होय रे?"

"मालक पॅरिसला. त्यांच्या हुकमाशिवाय खुराड्याचं दार लावू कसं?" तुसेंने कबुतर पायांना धरून उचललं. "राजानं लोकांची गाऱ्हाणी ऐकायला सभा बोलावलीय ना? तिथं जाऊन सांग सगळं. ह्या खेपेला सोडतो तुम्हाला."

तो स्वतःच्या आजच्या रश्श्याची सोय करून निघून गेला.

कबुतरं परत उतरली, नेमकी पेरिनने दाणे दाबले होते तिथेच. तिने फडकं उचललंसुद्धा नाही. मटकन खाली बसली आणि बघत राहिली. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"टोपी घाला आता," ती म्हणाली. "गेला तो."

ब्लेझने टोपी घातली नाही. वाकून त्याने एक दगड उचलला आणि टोपीत टाकला. मग आणखी एक.

"अहो, मारू नका! तुरुंगात टाकतील तुम्हाला!"

"आज मारत नाहीये," तो म्हणाला. "नुसते वेचतोय."