पान त्रेचाळीस

महेंद्र भोईरच्या पत्राला कुंडलिकरावांनी अडतीस वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. आणि आता रविवारच्या उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या यादीत त्याचंच नाव सगळ्यात वर होतं. जुना गोलकीपर, बाळकुम संघ.

"मी नाही येत रविवारी," ते म्हणाले.

शकूबाई मेथी निवडत होत्या. "अहो, आपल्या मोहने गावच्या मैदानाचं स्टेडियम झालंय! कारखान्यातली पाळी सुटल्यावर घमेली उचलून तुम्हीच भराव घातलात ना? म्हशी हाकलल्यात, फक्कीनं पांढऱ्या रेषा मारल्यात. जयंती, लग्नं, सगळं तिथंच झालं. आपलंसुद्धा! आणि आता घरात लपून बसणार?"

मग कुंडलिकरावांनी सांगून टाकलं. बाळकुमविरुद्धच्या फायनलला ते लाइन्समन होते. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात गोष्टीचं पुस्तक, आणि डोळे पुस्तकात. आरडाओरडा झाला तेव्हा त्यांनी मान वर केली. चेंडू जाळ्यात होता. ऑफसाइड होता की नव्हता, त्यांनी पाहिलंच नव्हतं. झेंडा खालीच राहिला आणि मोहने एक-शून्यनं जिंकलं. आठवड्यानं महेंद्रचं पत्र आलं. 'त्या गोलबद्दल विचारायचं आहे,' एवढं वाचलं आणि त्यांनी ते मिटून टाकलं. पत्र त्याच पुस्तकात गेलं. पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

"आणि पुढे काय लिहिलंय?"

"पुढचं वाचायचा धीर नाही झाला."

"एका ओळीवर अडतीस वर्षं घाबरलात? कमाल आहे तुमची!"

शकूबाईंनी पदराला हात पुसले. कपाटातून पुस्तक काढलं, पत्र उलगडलं आणि मोठ्यानं वाचलं.

'त्या गोलबद्दल विचारायचं आहे. ऑफसाइड असेल, नसेल. मी चेंडूकडे बघतच नव्हतो, तुमच्याकडे बघत होतो. भर फायनलला माणूस लाइनवर उभा राहून एकटाच खदखदा हसतोय, असं पुस्तक तरी कुठलं? आमच्या टीमला यातलं काही बोलू नका. पण नाव तेवढं कळवा.'

शकूबाईंना हसू आवरेना. कुंडलिकरावही हसले, जरा उशिरा.

दुपारी त्यांनी पोस्टात जाऊन बाळकुमच्या पत्त्यावर एक जाडसर पाकीट पाठवलं. आत पुस्तक होतं आणि दोन ओळींची चिठ्ठी.

'मी पान त्रेचाळीसवर होतो, तेवढ्यात तुम्ही गोल खाल्लात. पुढे काय झालं ते वाचून रविवारी सांगा.'