तोंड लावलेलं पाणी

तीन डोंगर उतरून आम्ही नवरा-बायको तळ्याकाठच्या तंबूंपाशी पोचलो, तेव्हा आमची घोडी इतकी तहानलेली होती की अर्धं तळं तिनं एका दमात संपवलं असतं आणि उरलेल्याकडे आशेनं बघितलं असतं. तिथला मॅनेजर मात्र हात आडवे करून उभा राहिला.

“आजोबा, जनावर मागे न्या. आमच्या पाहुण्यांचं पिण्याचं, चहाचं पाणी इथूनच जातं. घोडीनं तोंड लावलेलं पाणी त्यांना पाजू का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, मुक्या जिवाला पाणी नाकारतोस? तुझ्यापेक्षा हिचं तोंड स्वच्छ आहे.”

“तुम्ही भांडत बसा, तोवर हिचा जीव जाईल,” बायको म्हणाली. तिनं माझ्या हातातून लगाम हिसकावला आणि मॅनेजरला खांद्यानं बाजूला सारत घोडीला थेट काठावर नेलं. आरडाओरडा ऐकून पाहुणे कप हातात घेऊनच तंबूंबाहेर आले.



घोडीनं पाणी हुंगलं, जोरात फुरफुरून तोंड फिरवलं आणि ती तहानलेलीच मागे सरकली; पाहुण्यांनी आधी आपापल्या कपात पाहिलं, मग मॅनेजरकडे.