अर्धाच सामना

“अर्धा झाला! बाहेर काढा तिला!” गॅलरीतून शिंपी ओरडला, तेव्हा त्याची मुलगी बास्केटखाली हात उंचावून पास मागत होती.

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. स्वतःच्या पोरीला बाहेर काढा म्हणणारा बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. खाली कोर्टाच्या कडेला उभ्या असलेल्या कोचने मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते त्याला कळलं. कोच त्याची बायको होती.

तिने दातओठ खात हात वर केला. शिडी बाहेर आली, मुंगी आत गेली. शिडी म्हणजे ह्या दोघांची मुलगी. टीममध्ये सगळ्यात उंच, आणि निम्मे गुण एकटीचे. मुंगीला मुंगी का म्हणत, ते ती शिडीच्या शेजारून गेली तेव्हाच दिसलं.

गेल्या मोसमात उडी मारून उतरताना शिडीचा गुडघा पिरगळला होता. आधी ऑपरेशन, मग कुबड्या, मग भिंतीला धरून उठाबशा. शेवटी डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण प्रत्येक सामन्यात अर्धाच वेळ. “अर्धा म्हणजे अर्धाच!” आई दवाखान्यात ठणकावून म्हणाली. जिना उतरेपर्यंत तिच्यातली कोच जागी झाली. “पहिलाच अर्धा, असं काही ते म्हणाले नाहीत ना?” म्हणून वेळ मोजायचं काम बापाकडे आलं. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्मभर कापड बेतणाऱ्या माणसाला अर्धा म्हणजे काय, ते शिकवावं लागत नाही.

घरात एक नियम होता. मैदानाच्या फाटकाच्या आत आई नाही, फक्त मॅडम. पोरगी लहान असताना एकदा कोर्टावर आपटली आणि “आई गं!” म्हणून कळवळली. “आई घरी आहे,” मॅडम म्हणाल्या, “ऊठ.” तेव्हापासून फाटकाबाहेर ‘अगं’ आणि आत ‘अहो’. एकदा सरावाला उशीर झाला म्हणून मॅडमनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. दोघी एकाच स्कूटरवरून आल्या होत्या.

पोरगीही काही कमी नव्हती. आई ज्याला नाही म्हणेल ते मॅडमकडून मंजूर करून घ्यायचं, यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. गुडघ्याचंही तेच चाललं होतं. घरी आई तिला स्टुलावर चढू देत नसे. कोर्टावर तिने “मॅडम, अजून थोडंसं!” म्हटलं, की मॅडमचे डोळे चमकत. मग वरून बापाची बोंब, आणि घरी दोघींचा त्याच्याशी अबोला.

आज मात्र अंतिम सामना होता, आणि पोरगी हुज्जत न घालता मुकाट्याने बाकावर येऊन बसली होती. कोचला तिकडे बघायला फुरसत नव्हती. टीम एका गुणाने मागे होती आणि घड्याळात काही सेकंद उरले होते. तिने टाइमआउट मागितला.

“शिडी! शिडी!” गॅलरी दणाणून गेली. त्या गर्दीत एकटा शिंपी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता. कोचने त्याच्याकडे पाठ केली.

“ऊठ,” ती मुलीला म्हणाली. “एकच चाल. बॉल तुझ्याकडे येईल, तू फक्त टाकायचा. एवढ्याने काही होत नाही.”

शिडी उठली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “आईला विचारा.”

मुली फिसकन हसल्या. कोचचा पारा चढला. ही काय चेष्टेची वेळ? पण पोरगी हसत नव्हती. आजवर आईला चुकवून मॅडमना गाठणारी पोरगी आज उलट्या वाटेने निघाली होती. पंचांची शिट्टी वाजली. कोचने एकदा मुलीकडे पाहिलं आणि ती मुंगीकडे वळली.

“मुंगे, तूच राहा.”

मुंगी पुन्हा कोर्टावर गेली. बॉल तिच्याकडे आला. तिने देवाचं नाव घेऊन टाकला. तो रिंगवर दोनदा नाचला, आत डोकावला आणि बाहेर पडला.

मग गॅलरीने तोंडसुख घेतलं. कोणी म्हणालं, कोचला अक्कल नाही. कोणी म्हणालं, घरची भांडणं कोर्टावर आणली. शिंप्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोची बाजू घेतली आणि एकाच वेळी चौघांशी भांडण काढलं. मुंगी ढसाढसा रडत होती. कोचने तिची पाठ थोपटली, समोरच्या टीमच्या कोचशी हात मिळवला आणि मग ती बाकाकडे आली.

शिडी अजून तिथेच होती. दोन्ही हातांनी गुडघा धरून.

सामन्याच्या दिवशी मॅडम कधी बाकावर बसत नसत. आज बसल्या. मुलीचे हात हळूच बाजूला केले. गुडघा टम्म फुगला होता.

“कधीपासून दुखतंय?”

“सकाळपासून.”

“आणि तशीच खेळलीस?”

पोरीचे डोळे भरून आले. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिच्या कानाशी कुजबुजली, “मॅडमना सांगू नकोस हं. त्यांनी आज घेतलंच नसतं मला.”