अंगात उरलेलं

नव्याने निघालेल्या त्या एका इंजेक्शनने एचआयव्ही शरीरातून कायमचा जात असे. मिरजेच्या दवाखान्यात लोक आनंदाने रांग लावत होते, पण रत्नमाला मागच्या वेळी दारातूनच परतली होती. आज ती आत येऊन बसली, पण बाही वर करेना.

"मावशी, भीती वाटते का?" डॉक्टर तरन्नुमने विचारलं.

"भीती नाही गं. हा आजार मला नवऱ्याकडून आला. धड रागवायच्या आधीच ते गेले. मूल नाही, फोटो पुरात गेले. त्यांचं म्हणून एवढंच अंगात उरलंय."

तरन्नुम सुई खाली ठेवून शेजारी बसली.

"नाव काय त्यांचं?"

"यशवंत."

उखाण्याबाहेर तिने ते नाव कधी घेतलं नव्हतं. तिने ते पुन्हा एकदा हळूच घेतलं आणि बाही वर सरकवली.