गच्चीवरचा माळ

सोसायटीचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला तेव्हा काका पलंगावर पडल्यापडल्या माळावर फिरत होते. उशीवर, कानाशी, फोन होता आणि फोनमधून वाळक्या पानांवर पडणारी पावलं ऐकू येत होती. करकर, करकर, जरा थांबून पुन्हा करकर. नेमकी तीच करकर, क्षणभर आधी, डोक्यावरच्या छतातूनही येत होती.

सेक्रेटरीनं वर पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि घसा साफ केला. कुणाच्या घरी नळ टपकला तरी त्याला नोटीस सुचायची. आजचा विषय तर गंभीर होता. काका, तुमच्यापुढे बोलायला जड जातं, तो म्हणाला, पण काकू रोज सकाळी गच्चीवर जातात. पोतंभर पानं पसरून त्यांवर चालतात. मध्येच ओल्या गोणपाटावर उभ्या राहून पाय दाबतात. काल तर लख्ख उन्हात छत्री भराभर उघडमीट करत होत्या. लोक नाही नाही ते बोलायला लागलेत. शिवाय गच्ची सगळ्यांची. तेव्हा आजपासून तिला कुलूप. कुलूप त्यानं सोबतच आणलं होतं. निर्णय आधी आणि चर्चा नंतर, ही सोसायटीची जुनी रीत होती.

काकांनी फोनवर तळवा दाबला.

“हळू बोला. तिला कळेल, मला कळतं ते.”

सेक्रेटरीला काहीच कळलं नाही, म्हणून काकांना सांगावं लागलं. त्यांची सगळी नोकरी रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवण्यात गेली होती. नाटकात वादळ आलं की ते काकाच आणत. ओलं गोणपाट म्हणजे चिखल. छत्री फडफडवली की झुडपातून तितर उडतो. हे सगळं त्यांनीच एके काळी हौसेनं बायकोला करून दाखवलं होतं, आणि आता ती तेच त्यांना ऐकवत होती. ते विसरले असतील, अशी तिची खात्री. कंबर मोडली की डोकंही गेलं, असा घरच्यांचा एक समज असतो.

आधी दोघं खरंच जायची. गावाबाहेर माळ होता, सपाट, दूरवर पसरलेला. पाऊस सरला की गवत कमरेला लागायचं आणि चालताना नव्या साडीसारखं सळसळायचं. थंडीत तेच गवत पायाखाली कडाकडा मोडायचं. पानगळीत तर काका मुद्दाम मागं राहायचे, पुढं चालणाऱ्या बायकोची पावलं ऐकायला. उन्हाळ्यात नुसती धूळ. धुळीला आवाज नसतो, म्हणून उन्हाळ्यात दोघं बोलायची.

मग काका न्हाणीघरात पडले. घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, खायला हवं. मुलगी फोनवरून म्हणाली, बाबा, खायला हवं. तोंडाजवळ आलेला चमचा ते जिभेनं परत लोटायचे. शेवटी एका सकाळी काकूंनी काकांच्या उशीवरच्या फोनला फोन लावला, आपला तसाच चालू ठेवून कमरेला खोचला आणि एकट्याच माळावर गेल्या. परत आल्या तेव्हा काकांनी वाटीभर भात खाल्ला. त्यानंतर फेरी झाली की भात, फेरी नाही तर भिंत, असा घरात नियमच पडला.

एके दिवशी पावलांच्या मागं यंत्रं घरघरायला लागली. ट्रॅक्टर असेल, काकू म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात माळाभोवती बांधकामाचे पत्रे लागले. ते त्यांनी सांगितलं नाही, पण तेव्हापासून माळावर एकही टिटवी ओरडली नाही आणि सोसायटीचा पाण्याचा पंप मात्र माळावर स्वच्छ ऐकू यायला लागला.

“मग सांगून टाका ना,” सेक्रेटरी म्हणाला. “या वयात त्यांची कशाला ओढाताण?”

“सांगितलं की ती खाली येईल. खाली काय आहे? मी आहे.” काकांनी त्याच्या शर्टाचं टोक पकडलं. उठता येत नव्हतं, म्हणून हाताला लागलं ते धरलं. “तिला या घरातून बाहेर पडायला तेवढं एकच निमित्त आहे हो. आणि मला घास गिळायला.”

सेक्रेटरी म्हणाला, मी हा विषय सभेपुढे ठेवून बघतो. काकांनी शर्ट सोडला नाही.

तळव्याखालून आवाज आला. “अहो, ऐकताय ना? पानं संपली. आता चढण आहे. मी बोलत नाही, दम लागतो.”

काकांनी हात काढला. “हं.”

छतावरची पावलं थांबली. फोनमधून नुसता श्वास यायला लागला. लांब ओढलेला, मध्येच तुटणारा, पुन्हा ओढलेला. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग पदर तोंडावर दाबल्यावर येते तशी शांतता, आणि पुन्हा श्वास.

सेक्रेटरी छताकडे बघत राहिला. गच्ची त्याच्या डोळ्यांदेखत बांधली होती. तीत चढण कुठंच नव्हती. तो हळूच पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. कुलूप मांडीवर ठेवलं, तेही आवाज होणार नाही अशा बेतानं.

“हे रोज असतं?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“माळावर चढण नव्हतीच कधी,” काका तितक्याच हळू म्हणाले. “हल्ली लागते. रोज थोडी थोडी वाढतेय.”

मग त्यांनी फोन ओठांशी नेला.

“सावकाश चढ गं,” ते म्हणाले. “घाई नाही. मी थांबलोय.”